उडी चुकणारा काटा

सोमवार, १ सप्टेंबर

भाऊजींना हजारदा सांगितलंय की मी घड्याळ उघडलं की तुमचं ते काच घासायचं मशीन बंद ठेवा. हो हो म्हणतात आणि जरा वेळाने घर्रर्र. अख्खं टेबल थरथरतं. आज चिमट्यातला स्क्रू उडाला तो उडालाच, गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली तरी सापडला नाही. पण बोलणार किती? चष्म्याचं दुकान त्यांचं. ताईची धाकटी बहीण म्हणून त्यांनी मला अर्धं काउंटर दिलंय, त्यात मशीनची तक्रार करायची म्हणजे पाहुण्याने गादी टोचते म्हणण्यासारखं.

मी कामाला होते ते घड्याळांचं सर्व्हिस सेंटर बंद पडलं तेव्हा मला वाटलं होतं, एवढी वर्षं हातात घड्याळं खेळवली, गिऱ्हाइकं मला शोधत येतील. येतात. सेल बदलायला येतात. आज एक बाई भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून घेऊन आल्या, सेल उलटा घातलेला.

संध्याकाळी मात्र एक खरं घड्याळ आलं. आणणारे गृहस्थ भाऊजींचे जुने गिऱ्हाईक, शाळेत खेळाचे सर होते. निवृत्त झाले तरी गळ्यात शिट्टी तशीच, म्हणून भाऊजी त्यांना त्यांच्या पाठीमागे शिट्टीसर म्हणतात. घड्याळ चावीचं, आत स्टॉपवॉच असलेलं. कळ दाबली की मधला लांब काटा सेकंद मोजायला लागतो आणि उजवीकडच्या छोट्या तबकडीतला काटा मिनिटं मोजतो. तक्रार अशी की साठावा सेकंद आला की सगळं अडखळतं, कधी जागच्या जागी थांबतं.

मी म्हटलं, "आठवडा लागेल."

"आठवडा नाही जमायचं. उद्या द्या."

"सर, घड्याळ आहे, इस्त्रीचे कपडे नाहीत."

हसले नाहीत. "बरं, परवा," म्हणाले आणि निघालेच. "घरी ती एकटी आहे." ती म्हणजे बायको. बायको घटकाभर घरात एकटी राहिली तर काय आभाळ कोसळतं?

बुधवार, ३ सप्टेंबर

झालं काम. मिनिटाच्या काट्याचं जे चाक असतं, त्याच्या दातांत एक बारीकशी स्प्रिंग नाक खुपसून बसलेली असते. काटा रेघेवर धरून ठेवायचा, इकडे तिकडे हलू द्यायचा नाही, हे तिचं काम. दर मिनिटाला उडी मारायची तर घड्याळाला त्या स्प्रिंगला उचलावं लागतं. या म्हाताऱ्यात तेवढा दम राहिलेला नाही. तेल सुकलंय, मुख्य स्प्रिंग थकलीय. खरं म्हणजे सगळं सोडवून धुवायला हवं आणि मुख्य स्प्रिंग नवी घालायला हवी. पण ज्याला परवा म्हणजे परवाच हवंय त्याला परवाचीच दुरुस्ती मिळणार. मी ती धरणारी स्प्रिंग किंचित वाकवून सैल केली. आता काटा अगदी अलगद उडी मारतो. टेबलावर ठेवून दिवसभर चालवलं, एकदाही अडखळलं नाही.

सर घेऊन गेले. मनगटावर ओरखडे होते, ताजे. मांजर पाळलंय का विचारलं तर "नाही" म्हणाले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आले परत. सर आणि घड्याळ दोन्ही.

"मिनिटं चुकतात. चार दाखवली आणि झाली होती सहा."

मी त्यांच्यासमोर कळ दाबली आणि घड्याळ काउंटरवर ठेवलं. आम्ही दोघं तबकडीकडे टक लावून उभे. पाच मिनिटं झाली, काट्याने पाच दाखवली. एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही.

"बघा."

"इथे बरोबर चालतंय," सर म्हणाले.

"मग घरी काय वेगळं करता तुम्ही?"

ते काटाच बघत राहिले. मी म्हटलं, एवढंच मोजायचं असेल तर मोबाइलमध्येसुद्धा असतं की. तर म्हणाले, "त्याला हात मोकळा लागतो. हे मनगटावर असतं, चाचपडूनसुद्धा कळ सापडते." आता हात कशात एवढे गुंतलेले असतात ते विचारावंसं वाटलं, पण म्हटलं जाऊ दे.

मग मलाच राहवेना, म्हणून सांगत बसले. काही घड्याळांत मिनिटाचा काटा सेकंदाबरोबर सारखा सरकत राहतो, मुंगीसारखा. दोन रेघांच्या मधे दिसला की अंदाज करत बसायचं. काहींत तो साठाव्या सेकंदाला खटकन उडी मारतो, आधी हूं की चूं नाही. पण त्यासाठी आत भानगडी फार. तुमचं मधलं. अठ्ठावन्नाव्या सेकंदापर्यंत ढिम्म, मग जरासा सरकतो आणि साठाला टपकन पुढच्या रेघेवर. शिट्टीसर वर्गातल्या हुशार मुलासारखे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रेघेवरच हवाय मला. मधे नको. मधे असला की आपलं मन आपल्याला हवं ते ठरवतं."

हे काय बोलले कोण जाणे. मी उडी मारायला लावणाऱ्या चाकाची पकड स्क्रू फिरवून जरा खोल केली आणि घड्याळ दिलं. माझ्या कामात खोट नाही हे मला ठाऊक होतं, तरी त्यांच्या समाधानासाठी केलं. अशाने आपलीच किंमत कमी होते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

भाऊजींच्या बाजूला सरांच्या बायकोचा चष्मा पडला होता. दांडी तुटलेली, एक काच तडकलेली. यंदाची तिसरी खेप म्हणे. भाऊजी तिला न मोडणारी फ्रेम शोधत होते, ती वाकवून वाकवून बघत होते.

मी विचारलं, "एवढे कसे मोडतात हो?"

"पडतात."

"कोण पडतं? चष्मा का ती?"

भाऊजींनी मशीन सुरू केलं.

चष्मे आपोआप मोडत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. ओरखडे आठवले, "घरी ती एकटी आहे" आठवलं. डाव्या कानाने मला, नवऱ्याचं घर सोडलं तेव्हापासून, कमीच ऐकू येतं. गिऱ्हाइकाला मी उजव्या हाताला उभं करते. भाऊजी आज नेमके डावीकडून काहीतरी पुटपुटले, "तू समजतेस तसं नाही, मेहुणीबाई," असं काहीसं. काय म्हणालात विचारलं तर म्हणाले, चहा सांगू का.

पुरुष पुरुषांना बरोबर सांभाळून घेतात.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज तोल गेला माझा. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं असताना शिट्टीसर आले आणि घड्याळ काउंटरवर ठेवून म्हणाले, "पुन्हा तेच. तीनवरून दोनवर आला."

"मागे आला? सर, मिनिटाचा काटा मागे येत नाही."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग तुम्ही त्या बाजूच्या काउंटरवर जा. डोळे तिथे तपासतात."

लोक हसले. सर नाही हसले. त्यांच्या बोटांची पेरं निळी पडली होती. हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मला राग यायचा नाही. मला घरी वेळ मोजावा लागतो आणि तो चुकून चालत नाही."

"कुणाचा वेळ?"

म्हणाले, "बायकोचा."

माझ्या अंगावर काटाच आला. बायकोच्या डोक्यावर स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा माणूस! आंघोळीला किती, स्वयंपाकाला किती, दारात शेजारणीशी बोलायला किती. आणि एवढ्या आदबीने बोलतात की कुणाला संशय येऊ नये. आणि मी, मी गाढव, त्यांच्या त्या अवजाराला नीट चालायला लावतेय.

घड्याळ ठेवून घेतलं. म्हटलं, गुरुवारी मी स्वतः घरी आणून देईन, पत्ता द्या. ते घुटमळले. भाऊजी मधे पडले, "द्या हो सर, येऊ दे तिला." म्हणजे भाऊजींना माहीतही आहे आणि लाजही नाही.

रात्री ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तू कशाला लोकांच्या घरात नाक खुपसतेस?" हेच ऐकत आलेय मी. कुणी खुपसू नये, कुणाचं काही बिघडू नये. जेवले नाही धड.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आधी नीट लिहून काढते, मग बाकीचं.

घड्याळ काल पुन्हा तपासलं होतं. टेबलावर चोख. ते पर्समध्ये टाकून चार वाजता निघाले. तिसरा मजला. दार उघडलं ते बाईंनीच. बुटक्या, गोऱ्यापान, कपाळावर टाक्यांची जुनी खूण आणि भुवईजवळ नवी सूज. नव्या न मोडणाऱ्या फ्रेममधून माझ्याकडे बघून प्रसन्न हसल्या. "घड्याळवाल्या ना तुम्ही? या, या. हे गॅलरीत कपडे वाळत घालताहेत."

खोलीत टेबल नाही, टीपॉय नाही. कपाटाच्या कडांना जुन्या चादरींच्या घड्या करून बांधलेल्या. मला वाटलं, काय कंजूष घर आहे. खरंच असंच वाटलं मला.

सर आत यायच्या आत बोलून घ्यावं म्हणून मी बाईंचा हात धरला. "हे बघा, मी परकी आहे, म्हणून मला सांगायला हरकत नाही. तुम्हाला इथे कुणी त्रास देतं का? मारतं का? माझ्याकडे जागा आहे. आत्ता निघालात तरी चालेल."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. "हा माणूस? अहो, हा माणूस सकाळी उठून गाणी म्हणतो, तेवढाच काय तो त्रा—"

शब्द अर्ध्यावरच राहिला. मला वाटलं हसू अनावर झालं. पण डोळे एका बाजूला वळले होते आणि मी धरलेला हात लाकडासारखा ताठ झाला होता. त्या सरळ मागे गेल्या. मी किंचाळले असणार, कारण सर धावत आले, खांद्यावर ओला टॉवेल तसाच. त्यांनी बाईंना पडता पडता धरलं, खाली कुशीवर निजवलं, डावा हात डोक्याखाली घातला. चष्मा काढून माझ्याकडे सरकवला. बाईंचं सगळं अंग हिसके द्यायला लागलं.

"घड्याळ!" सर म्हणाले. "घड्याळ बांधा माझ्या हाताला."

मी बांधलं. माझ्या हातांना पट्टा सापडेना, तरी बांधलं. त्यांनी उजव्या हाताने कळ दाबली. "आता तुम्ही बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर नाकात औषध मारायचं. आधी उगाच मारलं तर तिचा श्वास मंदावतो, उशीर झाला तर... काट्याकडे बघा फक्त."

बघितलं. सरांचा डावा हात बाईंच्या डोक्याखाली, आणि डोकं हिसके देतंय, म्हणजे घड्याळही हिसके देतंय. एक मिनिट. काटा टपकन रेघेवर. दोन. सर बाईंच्या कानाशी लागून कसलंसं गाणं गुणगुणत होते, अगदी बेसूर. मग एक मोठा हिसका आला आणि माझ्या डोळ्यांसमोर काटा दोनवरून एकवर आला.

मागे आला.

मी टेबलावर ठेवून तपासलं होतं. सपाट, स्थिर, दिवसभर. या घड्याळाला इथे कुणी स्थिर ठेवत नव्हतं. धरून ठेवणारी स्प्रिंग मी माझ्या हाताने सैल केली होती. आता काट्याला धरणारं कुणी उरलंच नव्हतं.

सेकंदाचा लांब काटा मात्र बरोबर फिरत होता. त्याच्या फेऱ्या मी मोठ्याने मोजायला लागले. तिसरी. चौथी. सरांनी मान वळवून बघितलं. "अजून तीनच दिसताहेत," म्हणाले. आवाजात केवढी आशा होती, औषधासाठी अजून थांबता आलं तर बरं अशी.

मी म्हटलं, "सर, त्या काट्याकडे बघू नका. माझं ऐका. पाचवी फेरी भरतेय... भरली. पाच झाली. द्या औषध."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईने त्यांना भर दुकानात डोळे तपासायला सांगितलं होतं तिच्यावर विश्वास ठेवायचा होता त्यांना. ठेवला. खिशातून बाटली काढली आणि नाकपुडीत फवारली.

नंतर हिसके हळूहळू विरळ होत गेले. बाई घोरायला लागल्या. सर तिथेच फरशीवर बसून होते, मी दुसऱ्या बाजूला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "फिट येणं वाढलंय हल्ली. शेजारीपाजारी कीव करतात ते तिला आवडत नाही, म्हणून कुणाला सांगत नाही." माफी मागायला हवी होती तीसुद्धा नीट मागितली नाही. "घड्याळ घेऊन जाते," एवढंच म्हटलं. "तोवर हे ठेवा," म्हणून माझं स्वतःचं मनगटावरचं काढून दिलं. त्यात मिनिटं मोजायची सोय नाही, पण निदान बरोबर चालतं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

भाऊजींशी भांडले. "तुम्हाला माहीत होतं!"

"शपथ घातली होती सरांनी."

"शपथ? मी त्या माणसाला काय काय समजत होते! अख्ख्या दुकानात मला एकटीलाच माहीत नव्हतं."

"दुकानात आपण दोघंच असतो, मेहुणीबाई."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. पण मग हळूच म्हणाले, "म्हणून तर म्हटलं, येऊ दे तिला घरी. शपथ सांगायची नाही अशी होती. दाखवायची नाही अशी नव्हती."

सगळं घड्याळ सोडवलं. पहिल्या दिवशीच, घड्याळ आलं तेव्हाच, करायला हवं होतं ते. धुतलं, तेल दिलं. मुख्य स्प्रिंग या मापाची कुठे मिळेना. सेंटरमधल्या जुन्या सोबत्याला फोन करून करून त्याच्या डब्यातून मिळवली. धरणारी स्प्रिंग पुन्हा कडक करायला गेले तर पहिल्यांदा जास्त वाकली. आता काटा उडीच मारेना. उलट वाकवली तर पुन्हा सैल. एक केस इकडे की तिकडे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, भिंग सारखं धूसर. संध्याकाळी चिमटा आपटला आणि घरी आले.

सोमवार, २२ सप्टेंबर

बसली एकदाची. आता काटा उडी मारतो तेव्हा बोटाला जाणवतं. घड्याळात नवा दम आहे, त्यामुळे साठाव्या सेकंदाला अडखळतही नाही. पण टेबलावर चालतंय याला आता काही अर्थ नाही, हे मला कळलंय.

"भाऊजी, मशीन लावा."

"आं?"

"तुमचं काच घासायचं मशीन. लावा."

घड्याळ मनगटाला बांधलं, कळ दाबली आणि हात मशीनच्या अंगावर दाबून धरला. दात वाजेपर्यंत थरथरत होते. काटा रेघेवरून हलला नाही. मग जिन्यावरून खाली-वर धावले. मग भाऊजींना सांगितलं, माझा हात धरा आणि गदागदा हलवा. ते बिचारे घाबरत घाबरत हलवायला लागले. "जोरात!" मी ओरडले. तेवढ्यात ताई डबा घेऊन आत आली. तिने डबा खाली ठेवला आणि विचारलं, "कुणाला डॉक्टरकडे न्यायचंय, तुला का यांना?"

काटा जागचा हलला नाही. एकदाही नाही.

सर आले, घड्याळ घेतलं, माझं मला परत दिलं. मी म्हटलं, "सर, मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला." ते म्हणाले, "तिने सांगितलं मला. दोन दिवस हसतेय." आणि गेले. एवढंच. मला वाटलं होतं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट जास्तच राग आला, कुणावर ते कळत नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

संध्याकाळी सर आणि बाई दोघं आले. सर बाहेरच थांबले, त्यांना कुणीतरी जुना विद्यार्थी भेटला होता. भाऊजी आधीच घरी गेले होते. बाईंनी आत येऊन सांगितलं, बुधवारी पुन्हा झालं. घड्याळाने तीन दाखवली आणि आपोआप थांबलं. "तीन म्हणजे तीन. हे निवांत बसून राहिले म्हणे, औषधाला हात लावला नाही. मी उठले तेव्हा डोकंसुद्धा जड नव्हतं." त्यांना त्या फिटमधलं काहीच आठवत नसतं, दुसऱ्याने सांगितलेलं सांगतात, पण सांगताना चेहरा केवढा खुलला होता.

मी म्हटलं, बरं झालं. काउंटर पुसायला घेतलं.

त्या जाईनात. माझ्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत ना, कुणी त्रास देतं का, मारतं का. दारातून आत आल्या आल्या. तुम्हाला असं कधी कुणी विचारलं होतं का हो?"

मला रागच आला. चष्मा ढिला झालाय का, नाकावर टोचतो का, हे विचारायचं सोडून हे काय. मी म्हटलं, "दुकान बंद करायची वेळ झालीय." त्या म्हणाल्या, "करा की," आणि भाऊजींचं स्टूल ओढून त्यावर बसल्या. घाई नव्हती त्यांना. मी शटर अर्धं खाली ओढलं. पुसलेलं काउंटर पुन्हा पुसलं.

मग मी म्हटलं, "नाही."

त्यांनी स्टूल जरा जवळ ओढलं. मग मीच बोलायला लागले. सुरुवात कुठून केली आठवत नाही. सगळं काही सांगितलं नाही, पण पुष्कळ सांगितलं. शटरखालून सरांचे बूट दिसायचे, मग सर वाकून आत बघायचे, आणि बाई त्यांना हातानेच खुणवायच्या, जा, चहा पिऊन या.

किती चहा झाले असतील त्यांचे कोण जाणे.